वाचकांचे प्रश्न : खासगी टीव्हीचं जाळं आपल्या गल्लीत आलं कसं?

मागच्या अंकात दूरदर्शनच्या जुन्या दिवसांवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले. बहुतेक सातारा-सांगलीकडचे, आणि जवळजवळ सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर, खासगी चॅनल. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त यावरचेच प्रश्न घेतलेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये.

प्रश्न : १९९२ पर्यंत टीव्ही म्हणजे दूरदर्शन एवढंच माहीत होतं. साधं रेडिओ स्टेशनसुद्धा खासगी माणसाला काढता येत नव्हतं. मग झी टीव्ही एकदम सुरू कसं झालं? परवानगी दिली कुणी? (निवृत्त शिक्षिका, मिरज)

बाई, परवानगी कुणीच दिली नाही, हेच खरं उत्तर आहे. भारतातनं प्रक्षेपण करायचा हक्क १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं सरकारकडंच होता, पण परदेशातनं वर सोडलेला सिग्नल वरनं आपल्या गच्चीवर पडतोय तर त्याला अडवायचं कसं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं, असणार तरी कसं, १८८५ ला उपग्रह कुठं होते.

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं आणि मोठ्या शहरातल्या हॉटेलांमधून लोकांनी सीएनएनवर युद्ध लाइव्ह बघितलं, तिथनं डिशचं वेड लागलं. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झालं, एशियासॅट-१ नावाच्या उपग्रहावरून. या उपग्रहाची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. हा मुळात वेस्टार-६ नावाचा अमेरिकन उपग्रह, १९८४ मध्ये सोडला पण चुकीच्या कक्षेत अडकला, मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी शटलमधल्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः पकडून पृथ्वीवर परत आणला, दुरुस्त झाला, विकला गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला. आपल्या घरात खासगी टीव्ही आला तो या एकदा वाया गेलेल्या यंत्रातनं.

स्टारचे कार्यक्रम इंग्रजी, एक चॅनल तर चिनी. हिंदी काहीच नाही. ही मोकळी जागा सुभाष चंद्रांनी हेरली. मूळचे हरियाणातल्या हिसारचे, धान्याचा व्यापार, तांदळाची निर्यात, मग पॅकेजिंगच्या ट्यूबा, एस्सेलवर्ल्ड, टीव्हीशी काडीचा संबंध नाही. त्यांनी त्याच उपग्रहावर जागा भाड्यानं घेतली आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू केलं. योगायोग बघा, मुंबई दूरदर्शनसुद्धा २ ऑक्टोबरलाच सुरू झालेलं, १९७२ ला, बरोबर वीस वर्षं आधी. सुरुवातीला दिवसातले थोडेच तास कार्यक्रम असायचे. आणि भारतातनं सिग्नल वर सोडायची मुभा नसल्यामुळं मुंबईत तयार झालेल्या टेपा विमानानं हाँगकाँगला जायच्या, तिथनं उपग्रहावर आणि उपग्रहावरनं परत आपल्याकडं.

पण बाई, इथवरची गोष्ट सगळे सांगतात आणि इथंच थांबतात. मला वाटतं निम्मं श्रेय ज्यांना जायला पाहिजे त्यांचं नाव कुठंच येत नाही, ते म्हणजे गल्लीतले केबलवाले. उपग्रहाच्या आधीच, ८० च्या दशकात, एका घरात व्हीसीआर लावून तिथनं आजूबाजूच्या घरात वायर टाकायची आणि रोज एकदोन सिनेमे दाखवायचे हा धंदा गावोगाव चालू झालेला होता. म्हणजे वायर आधीच घरात आलेली होती! झी आणि स्टारला प्रत्येक घरात स्वतः पोचायला लागलं असतं तर कितीतरी वर्षं गेली असती, इथं नुसती छत्री बसवली की सगळी गल्ली एका दिवसात जोडली जायची.

आणि त्या छत्रीचं काम सोपं नव्हतं हो. बारा फुटी जाळीची डिश, आग्नेयेकडं तोंड करून बसवलेली, मधोमध सिग्नल पकडणारी डबी म्हणजे एलएनबी, तिथनं खाली खोलीत प्रत्येक चॅनलला एक रिसीव्हर, तो सिग्नल टीव्हीच्या चॅनलवर बसवणारा एक मॉड्युलेटर, मग सगळं एकत्र करून एका कोएक्सियल वायरीत. वायर जेवढी लांब जाईल तेवढा सिग्नल मरतो, म्हणून ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर, आणि त्याला वीज लागते, ती कुणाच्यातरी घरातनं घ्यायची आणि बदल्यात त्या घराला कनेक्शन फुकट. त्या घराची लाइट गेली की पुढची सगळी आळी अंधारात, आपल्या घरात लाइट असली तरी पडद्यावर मुंग्या. शेवटच्या टोकाच्या घराला तर कायमच मुंग्या! वादळात डिश जरा हलली की पोरगा गच्चीवर चढून फिरवतोय आणि खालनं कुणीतरी ओरडतंय, "आलं आलं, थांब... गेलं!" हे सांगली-मिरजेत, कराडात, साताऱ्यात ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

कायदा मागाहून आला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्याच वर्षी केबलचा कायदा झाला आणि केबलवाल्यांना नोंदणी करायला लागली, कुठं, तर हेड पोस्ट ऑफिसात! आजही बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही.

प्रश्न : झी आणि स्टार आधी एकच होते आणि नंतर भांडले असं ऐकलंय. खरं का? (विटा)

एक नव्हते, पण भागीदार होते. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पनं स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा ५२५ दशलक्ष डॉलरला घेतला, आणि वर्षअखेर झीच्या प्रक्षेपण कंपनीतही जवळजवळ अर्धा हिस्सा घेतला. हिंदी झीनं करायचं, इंग्रजी स्टारनं, असा साधारण मामला होता. पुढं स्टारनं हिंदी कार्यक्रम घुसवायला सुरुवात केली आणि बिनसलं. १९९९ मध्ये झीनं तो हिस्सा परत विकत घेतला आणि दोघं मोकळे झाले. लगेच पुढच्याच वर्षी, ३ जुलै २००० ला, स्टार प्लसवर रात्री नऊला अमिताभ बच्चन खुर्चीत येऊन बसले आणि झीचा पहिला नंबर गेला. नऊ ते दहा रस्ते मोकळे असायचे ते दिवस आठवत असतील.

प्रश्न : आमच्या दुकानात रोज वाद होतो. दूरदर्शन फुकट, झीपण सुरुवातीला फुकट, आपण केबलवाल्याला पैसे देत होतो पण ते त्याच्याच खिशात. मग चॅनलवाल्यांना पैसे मिळत कुठनं होते? (किराणा व्यापारी, वाई)

शेठ, तुमच्या दुकानातल्या मालावरनंच मिळत होते! साबण, टूथपेस्ट, चहा, बिस्कीट, या कंपन्या दहा सेकंदाच्या हिशेबानं वेळ विकत घेतात आणि तो खर्च मालाच्या किमतीत असतो. म्हणजे टीव्ही कधीच फुकट नव्हता.

कार्यक्रम विकला जात नाही, बघणारा विकला जातो. किती लोक बसलेत, कसले लोक बसलेत, यावर दहा सेकंदाचा भाव ठरतो. हा आकडा कळायला काही घरांत मीटर बसवतात, कोण काय बघतंय त्याची नोंद होते, त्यावरनं टीआरपी निघतो. आता इथं नीट लक्ष द्या कारण पुढच्या प्रश्नांची उत्तरं इथंच आहेत. ज्या घरात मीटर आहे ते घर मोजलं जातं आणि जिथं मीटर बसतच नाहीत तिथली माणसं जाहिरातदाराच्या लेखी टीव्ही बघतच नाहीत.

दुसरा पैसा वर्गणीचा. ९० च्या दशकाच्या मध्यापासून सिनेमाचे आणि खेळाचे चॅनल पे झाले, सिग्नल कुलूपबंद झाला, तो उघडायला डिकोडर आला, केबलवाल्यानं कनेक्शनमागं कंपनीला पैसे द्यायचे. मग केबलवाले कनेक्शन कमी दाखवायला लागले. घरं पाचशे, कागदावर शंभर. करमणूक कर पण त्याच आकड्यावर. कंपन्या ओरडायच्या चोरी आहे म्हणून, केबलवाले म्हणायचे तुम्ही भाव मनाला येईल तसे वाढवताय आणि शिव्या गिऱ्हाईकाच्या आम्ही खातोय. मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं, पण कमी दाखवलेल्या त्या आकड्यांची किंमत केबलवाल्यांनी पुढं फार मोठी मोजली, त्याबद्दल खाली तासगावच्या उत्तरात लिहितोय.

प्रश्न : तमिळ लोकांचं चॅनल केव्हापासनं आहे. आपल्याला मराठी चॅनल मिळायला १९९९ का उजाडलं? आपण कमी पडलो का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कराड)

तमिळ सन टीव्ही एप्रिल १९९३ चा, मल्याळम एशियानेटही त्याच वर्षीचा. आपलं अल्फा टीव्ही मराठी ऑगस्ट १९९९ चं, म्हणजे सहा वर्षांचा फरक. मध्ये दूरदर्शनचं मराठी चॅनल होतं, आधी डीडी-१० आणि नंतर सह्याद्री, त्याचं ऋण विसरू नये, पण खासगी काहीच नाही.

आपण कमी पडलो म्हणून नव्हे रे, उलट आपल्याला हिंदी कळतं म्हणून. चेन्नईत हिंदी कार्यक्रमाला कोण बसणार? तिथं तमिळ चॅनल काढल्याशिवाय साबण विकणाऱ्याला गत्यंतरच नव्हतं. महाराष्ट्रात मात्र जाहिरातवाले म्हणायचे, मराठी माणूस हिंदीवर येतोच की, त्याच्यासाठी वेगळे पैसे कशाला घालायचे! त्यात मुंबईत बसून निर्णय घेणाऱ्यांना महाराष्ट्र म्हणजे मुंबई-पुणे एवढाच दिसत होता.

शिवाय दोन तांत्रिक अडचणी होत्या ज्या कुणी सांगत नाही. एक म्हणजे जुन्या ॲनालॉग पद्धतीत उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे सिग्नल घेऊन खाली पाठवणाऱ्या भागावर, साधारण एकच चॅनल बसायचं आणि त्याचं भाडं डॉलरमध्ये. डिजिटल कॉम्प्रेशन आलं तेव्हा त्याच जागेत अनेक चॅनल बसायला लागले आणि भाषेभाषेचे चॅनल परवडायला लागले. झीनं मराठी, बंगाली, पंजाबी अशी अल्फाची रांगच लावली ती उगीच नाही. दुसरी अडचण आपल्या घरातली, जुन्या टीव्हीला चॅनल धरायची बटणंच मोजकी, आठ नाहीतर बारा. नवीन चॅनल आलं की जुनं एखादं घालवायला लागायचं.

पुढच्याच वर्षी, जुलै २००० मध्ये, हैदराबादहून रामोजी राव यांचं ईटीव्ही मराठी आलं. मालक तेलुगू, स्टुडिओ हैदराबादेत, पण गावाकडच्या बातम्या त्यांनी ज्या मनापासनं घेतल्या त्याबद्दल मी त्यांचं नाव नेहमी आदरानं घेतो. जिल्ह्याच्या गावातला बातमीदार टीव्हीवर दिसतोय, उसाच्या दराचं आंदोलन दिसतंय, हे लोकांना नवीन होतं. २००५ मध्ये अल्फाचं झी मराठी झालं, २००८ ला स्टार प्रवाह आलं, २०१५ ला ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं. एकदा दिसलं की मराठीवर धंदा होतो, मग सगळे आले.

प्रश्न : काका, माझे वडील तालुक्यात केबलचा धंदा करायचे, आता मी बघतोय. निम्म्याहून जास्त कनेक्शन गेली. वडील म्हणतात, आम्ही चॅनल मोठे केले आणि आम्हालाच बाहेर काढलं. चालू ठेवू का बंद करू? (तासगाव)

तुझ्या वडलांना माझा नमस्कार सांग. ते बोलतायत त्यात खोटं काही नाही. खांबावर चढून, पावसात भिजून, दारोदार वसुली करून ज्या लोकांनी हे जाळं उभं केलं त्यांच्या जोरावर या कंपन्या शेअर बाजारात गेल्या आणि केबलवाला मात्र शेवटी कमिशनवर आला, याचं मला मनापासनं वाईट वाटतं.

झालं काय ते समजून घे. कंपन्यांना कनेक्शनचा खरा आकडा पाहिजे होता. २००३ मध्ये डिश टीव्ही आलं, मग २००६ ला टाटा स्काय, म्हणजे केबलवाल्याला वगळून थेट घरावर छोटी छत्री. मग २०११ मध्ये केबलचा कायदा बदलला आणि सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, मोठ्या शहरांपासनं सुरू करून टप्प्याटप्प्यानं, शेवटच्या टप्प्यात आपला ग्रामीण भाग, मार्च २०१७ पर्यंत. बॉक्स आला की कनेक्शन लपवायचा प्रश्नच मिटला, आणि त्याबरोबर वडलांचं हेडएंड, म्हणजे डिश-रिसीव्हरची ती खोलीही गेली, कारण डिजिटल हेडएंडचा खर्च तालुक्याच्या माणसाला झेपणारा नव्हता, सिग्नल मोठ्या एमएसओकडनं, म्हणजे केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्याकडनं, घ्यायला लागला. म्हणजे कालचा मालक आज वसुलीचा एजंट. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायनं, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकानं, दर ठरवून दिले, तेव्हा १०० चॅनलला १३० रुपये अधिक जीएसटी आणि पे चॅनलचे वेगळे, त्यातही वाटणी. आणि या दरांच्या आधीच २०१६ मध्ये जिओ येऊन फोनवर इंटरनेट स्वस्त झालं होतं, ते तर तुझ्या डोळ्यासमोरच आहे.

आता तुझं. नुसत्या टीव्हीवर हा धंदा चालणार नाही हे मी स्पष्ट लिहितो, उगीच धीर देण्यात अर्थ नाही. पण तुझ्याकडं जे आहे ते कुणाकडं नाही. खांब ते घर हा रस्ता तुझा आहे, प्रत्येक दाराची ओळख आहे, तक्रार आली की अर्ध्या तासात माणूस पोचतोय. त्याच रस्त्यानं फायबर टाक आणि ब्रॉडबँड दे, टीव्ही त्याच्या जोडीला ठेव. एखाद्या मोठ्या इंटरनेट कंपनीची फ्रँचायझी घेताना मात्र करारात गिऱ्हाईक कुणाच्या नावावर राहणार ते आधी वाच, वकिलाला दाखव, आणि वाटणीचा टक्का किती वर्षांसाठी पक्का आहे ते लिहून घे. वडलांच्या वेळेला हे कुणी लिहूनच घेतलं नव्हतं.

प्रश्न : आजकाल निम्म्या मराठी सिरियल सातारच्या आसपास शूट होतात. आमच्या गावातल्या वाड्यात पण युनिट येऊन गेलं. एवढं सातारा त्यांना अचानक का आवडायला लागलं? आणि आमची भाषा अशी कुठं बोलतात आम्ही, "व्हय जी" सारखं? (कॉलेज विद्यार्थिनी, सातारा)

अचानक नाही गं, त्याला कारण आहे आणि ते वर वाईच्या उत्तरात अर्धं आलंय. बरीच वर्षं टीआरपीचे मीटर प्रामुख्यानं शहरात होते. खेडी मोजणीत नव्हतीच म्हटलं तरी चालेल. मग बार्क नावाची नवीन व्यवस्था आली आणि ऑक्टोबर २०१५ पासनं तिच्या आकड्यांत पहिल्यांदा ग्रामीण भाग धरला गेला. आकडे बघून मोठमोठे लोक दचकले, झी अनमोलसारखं फुकट दिसणारं, जुन्याच सिरियल परत लावणारं चॅनल ग्रामीण यादीत एकदम वर! खेड्यातली माणसं टीव्ही बघत होतीच, फक्त मोजली जात नव्हती.

त्यानंतर मराठीत काय बदल झाला ते तूच बघ. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' आलं, फौजी पोराची गोष्ट, शूटिंग सातारच्या भागात. मग 'मिसेस मुख्यमंत्री', 'देवमाणूस', रांगच लागली. माझं मत असं की मीटर खेड्यात गेलं म्हणून कॅमेरा खेड्यात आला. फौजी तर आपल्याकडं गल्लीगल्लीत आधीपासनंच होते, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांची नावं सगळ्या देशाला ठाऊक आहेत, पण ते गिऱ्हाईक म्हणून मोजले गेले तेव्हाच त्यांची गोष्ट पडद्यावर आली.

बाकीची कारणं साधी आहेत. मुंबईत सेटचं भाडं परवडत नाही, इथं वाडा, शेत, घाट, नदी, धरण सगळं तासाभराच्या अंतरात. वाई-मेणवलीला सिनेमावाले आधीपासनंच येत होते, त्यामुळं जनरेटर, जेवण, गाड्या, गर्दीतली माणसं पुरवणारे लोक इथं तयार होते. आणि मुंबई-पुण्याहून हायवे सरळ.

भाषेचं मात्र तुझं शंभर टक्के बरोबर आहे आणि मला यावर राग येतो. सातारची बोली माणच्या बाजूला वेगळी, जावळीत वेगळी, कराडात आणखी वेगळी. सिरियलमध्ये एकच ठोकळा, प्रत्येक वाक्याला "जी" नाहीतर "व्हय" लावलं की झालं गावाकडचं! यात काही नट खरंच इथले आहेत, ते बोलतात तेव्हा लगेच कळतं, बाकीचे पाठ केल्यासारखं बोलतात. तुमच्या वाड्यात परत युनिट आलं तर लेखकाला सांग की आमच्या आजीशी अर्धा तास बोला. आणि भाड्याचं वडलांना लेखी करून घ्यायला सांग, किती दिवस, भिंतीला खिळे मारले, फरशी फुटली तर कोण भरून देणार ते सगळं.

प्रश्न : सांगली नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक इथं केलं, १९६३ पासनं आकाशवाणी केंद्र आहे. मग सांगलीचं स्वतःचं टीव्ही चॅनल का होऊ नये? (नाट्यकर्मी, सांगली)

उपग्रह चॅनलचा खर्च आणि परवाना एका जिल्ह्याच्या जाहिरातीवर भागत नाही, म्हणून ते सोडून द्या. पण केबलवरचं लोकल चॅनल ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडं होती, काही ठिकाणी अजून आहे. लग्नाच्या शुभेच्छा, वाढदिवस, गणपतीची मिरवणूक यापलीकडं त्याची किंमत कळते ती पुरात. २००५ आणि २०१९ ला कृष्णा चढायला लागली तेव्हा लोकांना एकच आकडा पाहिजे होता, आयर्विन पुलाची पातळी. धोक्याची ४५ फूट, २०१९ ला ५७ च्या वर गेलं. राज्यभराच्या न्यूज चॅनलवर बोटीतनं बातमी देणारा दिसायचा, पण आपल्या गल्लीत पाणी कधी येणार ते कळायचं लोकल चॅनलवरनं, जिथं लाइट होती तिथं.

नियमाचं बघायचं तर नोव्हेंबर २०२२ पासनं अशा लोकल चॅनलला प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणून नोंदणी करायला लागते, दर चॅनलला हजार रुपये, आणि ती एमएसओमार्फत होते. स्थानिक बातम्या दाखवायच्या तर तो एमएसओ नोंदणीकृत कंपनी पाहिजे, एकट्या माणसाच्या नावावर चालत नाही. नाटकं, कीर्तनं, संगीताच्या मैफिली दाखवायला ही बातम्यांची अट नाही, फक्त नाटकाच्या लेखकाची आणि संस्थेची परवानगी लेखी घ्या. तुमच्या संस्थेकडं जुनी रेकॉर्डिंग पडून आहेत असं तुम्ही पत्रात लिहिलंय. व्हीएचएसच्या टेपा असतील तर त्यांना बुरशी धरते, आधी त्या डिजिटल करून घ्या, एमएसओकडं मग जा.